‘एसएलईएस ७०%’ लेबलखाली पातळ माल आल्याबाबत तक्रार

प्रति,
विक्री विभाग प्रमुख

महोदय,

शॅम्पू-हँडवॉशसाठी आपल्याकडून मागवलेला ‘एसएलईएस ७०% पेस्ट’चा (सोडियम लॉरिल इथर सल्फेट, म्हणजे फेस आणून मळ काढणारा घटक) ५० किलोचा ड्रम दापोलीत पोचला. त्यातला माल ७० टक्क्यांचा नाही.

७० टक्क्यांची पेस्ट ओतता येत नाही, उलथन्याने काढावी लागते. तिच्यात पाणी ओतलं तर तिचा घट्ट जेल धरतो आणि तो विरघळता विरघळत नाही. म्हणून पेस्टच पाण्यात थोडी थोडी घालायची, फेस न काढता सावकाश ढवळायचं. आपला माल धारेने पडला आणि पाण्यात लगेच मिसळला. असा वागतो तो २८ टक्क्यांचा माल.

१० ग्रॅम नमुना महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवला. मागे २.९ ग्रॅम उरलं. त्यातही सोडियम सल्फेट आणि मीठ धरलेलं आहे, म्हणजे खरं अ‍ॅक्टिव्ह (धुण्याचं काम करणारा भाग) त्याहून कमीच.

आपल्या प्रतिनिधींनी दोष कोकणातल्या दमट हवेवर टाकला. ७० टक्क्यांच्या ५० किलोत ३५ किलो अ‍ॅक्टिव्ह असतं. ते २८ टक्क्यांवर यायला वजन १२५ किलो व्हावं लागेल. सीलबंद ड्रममध्ये ७५ किलो पाणी शिरलं कुठून? आणि माल तर ५० किलोच भरला.

१०० ग्रॅम हँडवॉशमध्ये आम्ही १५ ग्रॅम पेस्ट आणि ३० टक्क्यांचं कोको बीटेन (जोडीला घालायचा सौम्य फेसकारक) ८ ग्रॅम घालतो. अ‍ॅक्टिव्ह १२.९ टक्के मिळायला हवं. या मालाने ६.६ मिळतं. ‘मीठ वाढवा’ हा आपल्या प्रतिनिधींचा सल्लाही चुकीचा आहे. मिठाने एका मर्यादेपर्यंत दाटपणा येतो, पुढे द्रव उलट पातळ होतो, गढूळही होतो. धुण्याची ताकद मिठाने वाढत नाही. गणपतीत होमस्टेंची मागणी मोठी असते, तरी असा माल आम्ही बाटलीत भरणार नाही.

लेबलवर बॅच नंबर नाही, सोबत सीओए (त्या बॅचच्या तपासणीचं प्रमाणपत्र) नाही. एसएलईएस बनवताना १,४-डायॉक्सेन हा नको असलेला, घातक पदार्थ तयार होतो. अंगाला लागणाऱ्या मालात तो किती पीपीएम (दहा लाखात किती भाग) आहे हे आम्हाला कळलंच पाहिजे.

ड्रम आपल्या खर्चाने परत न्यावा. बदली मालासोबत त्याच बॅचचा सीओए द्यावा: अ‍ॅक्टिव्ह मॅटर, सोडियम सल्फेट, पीएच, डायॉक्सेन. बदली देता येत नसेल तर पूर्ण रक्कम परत करावी. ड्रम पुन्हा बंद करून ठेवला आहे. तपासणीचा नमुना दोन्ही पक्षांसमोरच काढावा.

आपल्या,
बचत गटाच्या सदस्या
दापोली, जि. रत्नागिरी