आई, डॉक्टरांना तुझ्याशी बोलायचंय

गंगापूर रोड, नाशिक

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

एकाच गावात राहून पत्र कसलं, असं बाबा म्हणतीलच. पण फोनवर विषय काढला की आई, तू रडतेस आणि बाबा "जेवलीस का?" विचारून फोन ठेवतात. म्हणून लिहायला बसले.

एमआरआयचा रिपोर्ट आला. मेंदूत उजव्या बाजूला हिप्पोकॅम्पस म्हणून भाग असतो, तो आक्रसलाय, त्यावर व्रण आहे. फिट तिथूनच सुरू होत असावी असं डॉक्टरांना वाटतंय. खात्रीसाठी व्हिडिओ ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेची नोंद, करायचाय. डोक्याला तारा, समोर कॅमेरा, गोळ्या हळूहळू कमी करायच्या आणि फिट यायची वाट बघत पडायचं. जी टळावी म्हणून तुम्ही त्र्यंबकला शांती केलीत, वणीला ओटी भरलीत, तिचीच आता वाट बघायची!

"फिटमध्ये नेमकं काय होतं?" डॉक्टरांनी मला विचारलं. मी काय सांगणार? पोटातून काहीतरी वर चढतं, एवढंच मला कळतं. पुढचं सगळं तू बघितलंयस, आई. मी बोलता बोलता थांबते, तोंडाने चघळल्यासारखं करते, उजव्या हाताने ओढणीचं टोक चोळत बसते आणि डावा हात वाकडा होऊन आखडतो. तू मावशीला सांगत होतीस तेव्हा ऐकलंय मी. तो डावा हात फार महत्त्वाचा आहे म्हणे, कारण त्यावरून सुरुवात उजवीकडे आहे असं दिसतं. आणि लहानपणी तापात मला मोठी आकडी आली होती ना, आजीने कांदा हुंगवला होता ती? तेही त्यांना सांग. तापातल्या लांबलेल्या आकडीचा आणि अशा व्रणाचा संबंध बऱ्याच पेशंटमध्ये सापडतो. सासरी कळेल ही भीती आता सोड. सासूबाईंना सगळं ठाऊक आहे. मी बाथरूमची कडी लावत नाही, त्या बाहेर उभ्या राहतात. अपस्मार, म्हणजे हाच फिटचा आजार, असला की लग्न रद्द होऊ शकायचं, ते कलमसुद्धा लग्नाच्या कायद्यातून १९९९ सालीच निघालंय.

बाबा, ऑपरेशन करून तो व्रणाचा भाग काढण्यापेक्षा तुमचं म्हणणं की फिट कमी करणारं यंत्र बसवू, नको वाटलं तर बंद करता येतं. मेंदूचा काढलेला तुकडा काही परत येत नाही. बरोबर आहे. पण व्हीएनएस म्हणतात ते यंत्र छातीत बसवतात, त्याची तार मानेतल्या मज्जातंतूला जोडतात, आणि त्याने फिट्स साधारण कमी होतात, पूर्ण थांबतात क्वचितच. आवाज घोगरा होतो, बॅटरी संपली की पुन्हा छोटं ऑपरेशन. ज्यांचं ऑपरेशन होऊच शकत नाही त्यांच्यासाठी ते उत्तम आहे. तुम्ही प्रेसमध्ये आयुष्यभर आकडे तपासलेत, म्हणून हेही तपासा: २००१ साली कॅनडातला ८० पेशंटचा अभ्यास छापून आला. माझ्यासारखाच प्रकार. वर्षाअखेर शुद्ध हरपणाऱ्या फिट्सपासून सुटलेले, ऑपरेशनच्या गटात ५८ टक्के, नुसत्या गोळ्यांच्या गटात ८. दोन योग्य गोळ्या पुऱ्या डोसात घेऊनही फिट थांबली नाही, तर तिसरीने थांबायची आशा फार थोडी. माझ्या तर त्याहून जास्त झाल्या.

धोका आहेच. नजरेचा वरचा एक कोपरा जाऊ शकतो, स्मरणशक्तीवर परिणाम होऊ शकतो, आणि ऑपरेशननंतरही गोळ्या लगेच सुटत नाहीत. तरी माझा कल तिकडेच आहे. रंगपंचमीला रहाडीत, त्या रंगाच्या पाण्याच्या हौदात, धप्पा मारणाऱ्यांकडे मी काठावरून बघत आले, तेवढं पुरे झालं. अर्थात तपासणीत उजवी बाजू पक्की ठरली तरच. मग केईएम की तिरुवनंतपुरमचं श्री चित्रा, ते बघू. श्री चित्रामध्ये १९९५ पासून ही ऑपरेशनं होतात. पैशांसाठी बाबांनी एफडी मोडायची नाही, विम्याचं आम्ही बघतोय.

आई, गोदरेजच्या कपाटात खालच्या खणात माझी जुनी फाईल आहे. ती काढून ठेव, पिवळे पडलेले ईईजीचे कागदही टाकू नकोस. बुधवारी सकाळी हे गाडी घेऊन येतील. मी यायचं तर रिक्षाच, या आजारात लायसन्स देत नाहीत. बाबा, तुम्हीही या, आणि तुमचे प्रश्न कागदावर लिहून आणा.

तुमची,
बेबी