गाडी घ्यायच्या आधी एकदा सकाळी बाहेर उभा राहून ऐक

प्रिय मित्रा,

परवा तुझा मेसेज आला तेव्हापासून उत्तर डोक्यात घोळतंय, पण हा विषय फोनवर दोन ओळीत संपणारा नाही म्हणून आज निवांत बसून लिहितोय. सात वर्षं जुनी, तीन लिटरचं डिझेल व्ही-सिक्स (म्हणजे व्ही आकारात सहा सिलेंडर), ऐंशी हजार किलोमीटर, एकच मालक, आतून अगदी नवीकोरी. आणि सगळ्यात शेवटी तू विचारलंयस, "इंजिन टिकेल ना रे?" तुला माहितीये माझ्याकडे जवळपास तशीच गाडी आहे आणि गेल्या वर्षी तिचं इंजिन उतरवावं लागलं, पण तेव्हा मी तुला "थोडं काम निघालंय" एवढंच बोललो होतो. खरं सांगायची हिंमत झाली नाही तेव्हा. आता तू त्याच वाटेवर निघालायस म्हटल्यावर सगळं सांगायलाच पाहिजे.

आधी हे सांगतो की मला ती गाडी मनापासून आवडते. रात्रीच्या लांबच्या प्रवासात मागे पोरं झोपलेली असतात, काटा दीड हजार आरपीएमवर असतो आणि नुसता पाय टेकवला तरी एवढी जड गाडी चढ असा चढते की चढ होता हे नंतर कळतं. आणि ती शांतता! डबल काचा, दारांना जाड रबरं, बॉनेटच्या आतून अस्तर, इंजिनवर फोम लावलेलं झाकण. आपण पैसे याच शांततेचे मोजतो. पण माझं नुकसान त्या शांततेनेच केलं बघ, कारण इंजिन तक्रार करत होतं आणि आत बसून मला काही ऐकूच येत नव्हतं.

माझ्या बहिणीने पहिल्यांदा ऐकलं. ती बाहेर उभी होती, मी गाडी सुरू केली आणि ती म्हणाली, "दादा, ही सुरू होताना अशी खरखरते का रे?" मी म्हटलं डिझेल आहे, होतं असं. पण मनात राहिलं ते. दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोला आत बसवलं, बॉनेट उघडलं आणि पुढच्या चाकाजवळ उभा राहिलो. तिने बटण दाबलं आणि दोन, फार तर तीन सेकंद, पत्र्याच्या डब्यात साखळी टाकून कुणीतरी जोरात हलवावी तसा आवाज. मग एकदम बंद. नंतर इंजिन नेहमीसारखं मऊ चालू. बायको काच खाली करून विचारतेय "काय झालं?" कारण आत तिला काहीच आलं नव्हतं ऐकायला.

आता हे काय असतं ते नीट समजून घे. क्रँक म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणारा दांडा, कॅम म्हणजे वॉल्व उघडणारा दांडा, आणि या दोघांना एका तालात फिरवणारी साखळी म्हणजे टायमिंग चेन. ती ताणून धरायला टेन्शनर असतो आणि तो बऱ्याच इंजिनात ऑइलच्या प्रेशरवर चालतो. रात्रभर गाडी उभी राहिली की त्यातलं ऑइल खाली उतरतं, सकाळी पंप पुन्हा प्रेशर बनवेपर्यंत टेन्शनर ढिला. चेन नवी असेल तर तेवढ्याने काही बिघडत नाही. पण चेनच्या प्रत्येक पिनेशी जरा जरा झीज झाली की सगळी मिळून चेन लांब होते, तिच्या बाजूच्या प्लास्टिकच्या पट्ट्या झिजतात, आणि मग त्या दोन सेकंदात ती सैल चेन आपटत राहते. वेळेत लक्ष दिलं नाही तर चेन दात सोडते, वॉल्व आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि मग रिपेअरचा विषयच संपतो.

मी गाडी जिथे नेहमी सर्व्हिसिंगला देत होतो तिथे घेऊन गेलो. दुपारी पोचलो, म्हणजे इंजिन चांगलं गरम. त्यांनी दोनदा चालू-बंद केली, आवाज आला नाही, "सर, नॉर्मल आहे" म्हणून गाडी परत. मला ते ऐकायचंच होतं ना, मी मान्य केलं. पण पुढचे दीड महिने माझे काय गेले ते मलाच माहीत. रेडिओ बंद करून गाडी चालवायचो. सिग्नलला काच खाली करून कान देऊन बसायचो. रात्री रस्त्यात बंद पडली तर, मागे पोरं असताना ओव्हरटेक करताना पॉवर गेली तर, हे डोक्यातून जायचंच नाही. जी गाडी आनंदासाठी घेतली तिची किल्ली हातात घेतली की पोटात गोळा यायचा.

शेवटी एका ओळखीच्याने एका जुन्या मेकॅनिककडे पाठवलं. त्या काकांनी पहिलं वाक्य हे म्हटलं की गाडी संध्याकाळी इथे लावून जा आणि सकाळी मी आल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. सकाळी त्यांनी लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनवर, चेनच्या बाजूला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि मला म्हणाले मारा सेल्फ. एकदाच ऐकलं. मग स्कॅनर लावला, त्यात पी००१६ कोड पडलेला होता, म्हणजे क्रँक आणि कॅम यांचा मेळ बसत नाहीये. डॅशबोर्डवर लाईट नव्हता हं कसलाच!

आणि मग त्यांनी मला जे दाखवलं ते मी विसरू शकत नाही. ऑइल फिल्टर बाहेर काढला, ब्लेडने त्याचा कागद कापला, जुन्या ट्रेमध्ये पसरवला आणि घड्या एकेक करून उलगडत गेले. काळ्या ऑइलमध्ये तपकिरी प्लास्टिकचे कपचे, काही नखाच्या टोकाएवढे, काही तर बोटाने चिमटीत पकडता येतील एवढे. ते चेनच्या पट्ट्यांचे तुकडे होते. मग टॉर्च तिरपा धरून त्यांनी चमक शोधली, आणि चुंबक फिरवलं. चुंबकाला चिकटलं तर लोखंड, म्हणजे चेन, कॅम असं काहीतरी. चमकतंय पण चिकटत नाही असं असेल तर बेअरिंगची, म्हणजे क्रँक ज्यात फिरतो त्याची शंका, आणि ती सगळ्यात वाईट बातमी. माझ्या फिल्टरमध्ये चुंबकाला बारीक काळी मिसरी चिकटली, न चिकटणारी चमक सापडली नाही. काका म्हणाले, "वेळेत आलात." त्या दोन शब्दांनी मला रडायला आलं रे, खरंच.

पुढे इंजिन उतरवलं. आमच्या इंजिनात चेन मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे आहे, त्यामुळे समोरून हात पोचतच नाही. काही गाड्यांत तर एवढ्यासाठी अख्खी बॉडी चेसिसवरून उचलतात. चेन, पट्ट्या, टेन्शनर, आणि उघडलंच आहे तर वॉटर पंप, थर्मोस्टॅट, मागचं ऑइल सील. अठरा दिवस गाडी आत होती. बिलाचा आकडा इथे लिहीत नाही, पण एक गोष्ट डोक्यात पक्की ठेव, सात वर्षांत गाडीची किंमत उतरते पण तिच्या पार्टची आणि मजुरीची उतरत नाही. तू गाडी सेकंड हँडच्या भावात घेशील पण रिपेअर मात्र नव्या गाडीच्या भावात करशील. म्हणून बजेट संपवून गाडी घेऊ नकोस, इंजिनचं एक मोठं काम निघालं तर निभावेल एवढी रक्कम बाजूला राहणार असेल तरच पुढे जा. यावर वाटल्यास भांड माझ्याशी पण ऐक.

हे झालं का? मी पण गाडी सेकंड हँडच घेतली होती, पण तिच्या आधीच्या मालकाने काही हयगय केली नव्हती. रेकॉर्ड पूर्ण होतं, सगळे शिक्के जागेवर. गाडीची स्क्रीन सांगेल तेव्हाच ऑइल बदललं होतं, म्हणजे जवळजवळ पंचवीस हजार किलोमीटरला एकदा. आकडा कागदावर छान दिसतो, पण रोज दहा-दहा मिनिटं चालणाऱ्या गाडीसाठी तो नाही. अशा गाडीचं ऑइल नीट गरमच होत नाही. त्यात डीपीएफ. सायलेन्सरच्या लाईनमधला तो फिल्टर काजळी धरतो आणि मग ती जाळायला इंजिन जास्तीचं डिझेल सोडून तिथलं तापमान सहाशे डिग्रीच्या आसपास नेतं. हे काम अर्धवट असताना तू गाडी बंद केलीस की पुन्हा पुन्हा तेच, आणि त्या जास्तीच्या डिझेलमधलं थोडं सिलेंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पातळ होतं. म्हणजे ऑइलची लेव्हल कमी झाली तर काळजी आपण सगळेच करतो, पण वाढली तर आणखी करायला हवी. आणि या महागड्या गाड्यांत बऱ्याचदा डिपस्टिकच नसते, स्क्रीनवर नुसती एक पट्टी दिसते. मला याचा राग येतो. साधी एक पत्र्याची पट्टी, बोटावर घेऊन वास घेतला की डिझेल कळतं, ती काढून काय मिळवलं?

क्रँक आणि बेअरिंगच्या मध्ये जी फट असते ना ती केसाच्या जाडीएवढी किंवा त्याहूनही कमी, आणि सगळं इंजिन त्या फटीतल्या ऑइलच्या पडद्यावर तरंगत असतं. दोन-सव्वादोन टनाची गाडी, खालच्या आरपीएमला एवढा टॉर्क (फिरवायचा जोर), तो सगळा भार त्या पडद्यावर. तिथे पातळ, जुनं, मळलेलं ऑइल गेलं तर काय होणार तूच विचार कर.

तू लिहिलंयस की एवढी मोठी कंपनी आहे म्हणजे इंजिन दमदारच असणार. मोठ्या नावाचा भरवसा मी तरी ठेवत नाही आता. टोयोटाचं नाव टिकाऊपणासाठीच घेतात ना, तर २०२४ मध्ये त्यांनी अमेरिकेत सुमारे १ लाख गाड्या परत बोलावल्या, त्यात त्यांच्याच लेक्सस ब्रँडची मोठी एलएक्स पण होती, कारण कारखान्यात मशीनिंगचा कचरा इंजिनात राहून मेन बेअरिंग जाण्याचा धोका. पुढच्या वर्षी, २०२५ मध्ये, जनरल मोटर्सने ६.२ लिटरच्या व्ही-एटसाठी अमेरिकेतच जवळजवळ ६ लाख गाड्या बोलावल्या, कॅडिलॅक एस्कलेड धरून, क्रँक आणि कनेक्टिंग रॉडच्या दोषासाठी. आणि ज्या गाड्या तपासणीत पास झाल्या त्यांना काय केलं माहितीये? ०डब्ल्यू-२० च्या जागी जाड ०डब्ल्यू-४० ऑइल भरून दिलं. हे वाचल्यावर मला काकांचं ऑइलबद्दलचं सगळं बोलणं पुन्हा आठवलं. तुझ्या गाडीत मनाने जाड ऑइल भर असं मी म्हणत नाहीये, कंपनीने सांगितलेला ग्रेड आणि स्पेसिफिकेशन सोडू नकोस, डीपीएफवाल्या गाडीला तर नाहीच. फक्त अंतर कमी कर. मी आता आठ हजारला बदलतो आणि प्रत्येक वेळी जुना फिल्टर कापून बघतो.

आता तुझ्या त्या गाडीचं. विकणाऱ्याला सांग की सकाळी मी येईपर्यंत गाडी सुरू करायची नाही. गेल्या गेल्या बॉनेटला हात लावून बघ, कोमट लागलं तर त्या दिवशी परत ये, कुणीतरी आधीच गरम करून ठेवलीये. थंड असेल तर त्याला आत बसव आणि तू बाहेर, चाकाजवळ, वरचं झाकण काढता आलं तर काढून. फोनवर रेकॉर्ड कर, पहिले दहा सेकंद. मग कुलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) डब्याभोवती आणि इंजिनच्या मधल्या खाचेत टॉर्चने वाळलेले पांढरट-गुलाबी डाग आहेत का बघ. तिथले प्लास्टिकचे पाईप आणि थर्मोस्टॅटची हाऊजिंग गरम-थंड होऊन ठिसूळ होतात आणि एकदा का कुलंट गेलं आणि गाडी तापली की अ‍ॅल्युमिनियमचं हेड वाकायला वेळ लागत नाही. स्कॅनर स्वतःचा ने किंवा मेकॅनिकला बरोबर ने, आणि सगळे कोड नुकतेच पुसलेले असतील तर मला आधी त्याचीच शंका येईल. ऑइलचं सँपल लॅबला देता आलं तर उत्तमच, त्यात लोखंड, तांबं, शिसं किती आणि डिझेल किती मिसळलंय सगळं कळतं, फक्त ऑइल कालच बदललेलं नसावं.

एक्स्टेंडेड वॉरंटी मिळतेय म्हणालास. पूर्ण वाच. "झीज होऊन खराब होणारे भाग वगळून" असं कुठे असेल तर चेन त्यात बसते की नाही ते लेखी विचार, तोंडी नको.

आणि एक विचारतो, रागावू नकोस. तुझा रोजचा प्रवास सात-आठ किलोमीटरचा आहे. तेवढ्यासाठी मोठं डिझेल घेतोस तर दर आठवड्याला अर्धा-पाऊण तास हायवेला चालवणं तुला जमणार आहे का? जमणार नसेल तर त्याच गाडीचं पेट्रोल मॉडेल शोध, पिकअप थोडा वेगळा वाटेल पण डीपीएफची ही डोकेदुखी तरी नसेल. पेट्रोलचे आपले वेगळे त्रास आहेत, डायरेक्ट इंजेक्शनमुळे इनटेक वॉल्ववर कार्बन बसतो वगैरे, ते आपण भेटून बोलू.

माझी गाडी आता ठीक आहे. सकाळी आवाज येत नाही. तरी रोज बटण दाबायच्या आधी मी दार उघडं ठेवतो आणि एक पाय बाहेर, मग सुरू करतो. पोरं विचारतात बाबा असं का करतोस.

तू शनिवारी बघायला जातोयस ना? रेकॉर्डिंग लगेच पाठव, काटछाट न करता, बटण दाबायच्या आधीपासूनचं. मी काकांना पण ऐकवतो. टोकनचे पैसे त्याआधी देऊ नकोस, प्लीज.

तुझाच मित्र