सामना संपल्यावर आम्ही कुठून बाहेर पडायचं? : गृहमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. गृहमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय,
स. न. वि. वि.

मी धुळ्याची. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि गेली आठ वर्षं मुलाच्या फुटबॉलमागे गावोगाव फिरते. खानदेशात फुटबॉल म्हणजे कोल्हापूर नव्हे. तिथे पेठेपेठेच्या तालमीचा संघ असतो आणि शाहू स्टेडियम भरून वाहतं. आमच्याकडे सकाळी वीस-बावीस पोरं, दोन जुन्या जाळ्या आणि चुन्याची एक पिशवी. बाहेरगावी स्पर्धा लागली की दोन क्रुझर ठरतात. एकीत पोरं, दुसरीत आम्ही: आईबाप, एखादा काका, शेजारचे दोन-चार हौशी. डिझेलचे पैसे वाटून घ्यायचे, दशम्या, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घ्यायची, पाण्याचा जार मागे ठेवायचा. लांबचा सामना असेल तर चाळीसगावला जाऊन महाराष्ट्र एक्स्प्रेस धरायची. संघाचे समर्थक म्हणजे आम्ही एवढेच. आम्हाला कोणी तिकीट देत नाही, पास देत नाही. पोरं खेळतात म्हणून आम्ही जातो.

गेल्या हिवाळ्यात अशाच एका स्पर्धेच्या उपान्त्य सामन्याला गेलो होतो. गावाचं आणि आयोजकांचं नाव लिहीत नाही. नाव आलं की बोलणं त्या गावाबद्दल होईल, आणि मला बोलायचंय ते दुसऱ्याच गोष्टीबद्दल.

सामना टायब्रेकरवर गेला आणि आमची पोरं जिंकली. आधी पाण्याच्या बाटल्या आल्या, मग ढेकळं, मग दगड. मैदानाला येण्या-जाण्याचं फाटक एकच. पोलीस आठ-दहा, सकाळपासून उन्हात उभे, त्यांना कोणी चहासुद्धा विचारला नव्हता, हे मी डोळ्यांनी पाहिलं. दगड आले तसे ते धावले आणि समोर जो दिसला त्याच्यावर काठी चालवली. आमच्याकडे एक ढोल होता. ‘तुम्हीच वाजवत होतात ना, निघा आता,’ असं म्हणून आम्हाला सगळ्यांना त्या एकाच फाटकातून बाहेर काढलं. दगड मारणारी पोरं आमच्या आधीच तिथून बाहेर पडून गल्लीत उभी होती. पोलिसांनी आम्हाला मैदानातून काढलं ते थेट त्यांच्या हातात नेऊन दिलं.

क्रुझरची मागची काच फुटली. आमच्याबरोबर शेजारचे आजोबा होते, वय सदुसष्ट, नातू आमचा गोलकीपर. त्यांचं कपाळ फुटलं. वाटेत एका दवाखान्यात चार टाके पडले. रात्री साडेअकराच्या थंडीत फुटक्या काचेतून वारा घेत आम्ही घरी आलो. आजींनी दारातच विचारलं, ‘काय व्हयनं?’ आजोबा म्हणाले, ‘काही नही, पोरं जिंकनात.’ दुसऱ्या दिवशी दशम्यांचा डबा घासायला काढला तर झाकणाच्या कडेला आणि उरलेल्या दशमीत काचेचे बारीक कण होते. डबा मी तसाच वर ठेवून दिलाय.

इथे एक गोष्ट लपवणार नाही. आमच्या बाजूची दोन मुलंही त्या दिवशी समोरच्या संघाला आईबहिणीवरून ओरडत होती. मी दोनदा दटावलं, ढोल बंद करायला लावला, तरी ती थांबली नाहीत. हुल्लडबाज फक्त दुसऱ्या गावात जन्मतो असं म्हणायला मी हे पत्र लिहिलेलं नाही. त्या दोघांना कोणी बाजूला घेऊन नाव-पत्ता लिहून घेतला असता तर मी साक्ष दिली असती. त्यांना कोणी हात लावला नाही. काठी आणि दगड आजोबांच्या वाट्याला आले.

परत आल्यावर तक्रार द्यायला पोलीस ठाण्यात गेलो. ‘हद्द आमची नाही, जिथे घडलं तिथे जा,’ हे उत्तर मिळालं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, खबर कोणत्याही ठाण्यात देता येते. मी मोबाइलवर ते कलम दाखवलं. ‘मॅडम, मॅचच्या भांडणाला कोण एवढं करतं,’ असं ऐकवण्यात आलं. सदुसष्ट वर्षांच्या माणसाच्या कपाळाचे टाके म्हणजे मॅचचं भांडण?

महोदय, आपल्याकडे सामन्याला ‘बंदोबस्त’ लागतो. सुरक्षितता ही वेगळी गोष्ट आहे आणि ती कोणी मागतही नाही, कोणी देतही नाही. बंदोबस्तात प्रेक्षक हा संशयित असतो. त्याला अडवायचं, ढकलायचं, पांगवायचं. तो सुखरूप घरी पोहोचला पाहिजे हा त्या कागदाचा विषयच नसतो. या फरकापायी फुटबॉलच्या जगात किती माणसं गेली ते आपल्या खात्याने एकदा बारकाईने वाचावं.

२९ मे १९८५ रोजी ब्रसेल्सच्या हेझेल मैदानावर लिव्हरपूल या इंग्लिश क्लबच्या प्रेक्षकांनी शेजारच्या गॅलरीत घुसून हल्ला केला, पळापळीत भिंत कोसळली आणि ३९ जण मेले, बहुतेक इटालियन. ती गॅलरी खरं तर तटस्थ प्रेक्षकांसाठी ठेवलेली होती. हुल्लडबाजी माणसं मारते याबद्दल मला शंका नाही. इंग्लंडच्या क्लबांवर युरोपात पाच वर्षं बंदी आली, ती योग्यच होती.

पण पुढे काय झालं पाहा. हुल्लडबाज मैदानात घुसू नयेत म्हणून इंग्लंडच्या मैदानांत आधीपासूनच उंच जाळीची कुंपणं होती, प्रेक्षकांना खुराड्यासारख्या कप्प्यांत उभं करत. १५ एप्रिल १९८९ ला शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांचा उपान्त्य सामना होता. मैदान दोघांचंही नव्हतं, म्हणजे आलेला प्रत्येक माणूस प्रवास करून आला होता. बाहेर चेंगराचेंगरी होऊ लागली म्हणून पोलिसांनी एक मोठं फाटक उघडायला सांगितलं, पण आत गच्च भरलेल्या कप्प्यांकडे जाणारा बोगदा बंद केला नाही. शेकडो माणसं त्याच बोगद्यात गेली. पुढे कुंपण, मागून रेटा. सुरुवातीला पोलिसांना वाटलं प्रेक्षक मैदानात घुसताहेत. ९७ जण गेले. आणि वर पोलिसांच्या मुख्य अधिकाऱ्याने सांगितलं की फाटक प्रेक्षकांनीच फोडलं. ते खोटं होतं. प्रेक्षकांचा काही दोष नव्हता, हे चौकशीतल्या ज्युरीने निःसंदिग्ध सांगायला २०१६ साल उजाडलं. सत्तावीस वर्षं आईबापांनी ‘तुमचीच पोरं दारू पिऊन आली होती’ हे ऐकलं. मी आई आहे. त्या सत्तावीस वर्षांचा विचार मनात आला की माझा हात थांबतो.

अगदी अलीकडे, २८ मे २०२२ ला, पॅरिसजवळ सेंट डेनिसला चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना होता. लिव्हरपूलहून आलेल्यांना अरुंद वाटेत कोंडलं, लहान मुलं-म्हातारी न पाहता अश्रुधूर आणि मिरीचा फवारा मारला, सामन्यानंतर स्थानिक टोळ्यांनी त्यांना लुटलं. तिथल्या गृहमंत्र्यांनी दोष बनावट तिकिटांवर आणि पाहुण्या प्रेक्षकांवर टाकला. स्वतंत्र चौकशीने फेब्रुवारी २०२३ मध्ये मुख्य जबाबदारी आयोजकांची, म्हणजे युएफा या युरोपीय फुटबॉल संघटनेची, ठरवली आणि पोलिसांनाही सोडलं नाही. ही गोष्ट मी मुद्दाम गृहमंत्र्यांना लिहिते आहे. पहिल्या दिवशी प्रेक्षकाला दोषी ठरवणं सगळ्यात सोपं असतं.

यावर ‘बाहेरच्या समर्थकांना येऊच देऊ नका’ असा तोडगा आपल्याकडेही ऐकू येतो. इंडोनेशियातल्या मलांगला १ ऑक्टोबर २०२२ ला तेच केलं होतं. पाहुण्या संघाच्या समर्थकांना बंदी होती, आत फक्त घरचे प्रेक्षक होते. संघ हरला, काही जण मैदानात उतरले, पोलिसांनी भरलेल्या गॅलरीत अश्रुधुराची नळकांडी फोडली. माणसं अरुंद दरवाजांकडे पळाली. १३५ जण मेले. मैदानाच्या सुरक्षेच्या फिफाच्या नियमांत अश्रुधुराला आधीपासून मनाई आहे.

आपल्या देशातही १६ ऑगस्ट १९८० ला ईडन गार्डनवर मोहन बागान आणि ईस्ट बंगालच्या सामन्यात १६ प्रेक्षक गेले. बंगालमध्ये त्या दिवशी अजूनही रक्तदान करतात. ४ जून २०२५ ला बंगळूरच्या चिन्नास्वामी मैदानाच्या फाटकांबाहेर ११ जण गेले, तो क्रिकेटचा जल्लोष होता, पण फाटकाला खेळ कळत नाही. आणि १३ डिसेंबर २०२५ ला कोलकात्यात हजारो रुपये मोजून आलेल्या लोकांना मेस्सी दिसलाच नाही, कारण त्याच्याभोवती मान्यवरांचं कडं होतं. मग खुर्च्या मोडल्या. खुर्च्या मोडणं चूक. पण त्या दिवसाची सुरुवात खुर्चीपासून झाली नव्हती.

हे आपल्याला जमत नाही असं मात्र कोणी म्हणू नये. चैत्रात आमच्या खानदेशातून हजारो माणसं पायी सप्तशृंगगडावर निघतात. बायाबापड्या, लेकुरवाळ्या, म्हातारी माणसं. वाटेत पाण्याचे टँकर असतात, दवाखान्याची गाडी असते, गडावर जायचा मार्ग आणि उतरायचा मार्ग ठरलेला असतो, हरवलेल्या पोराचं नाव माइकवर पुकारलं जातं. हेच पोलीस, हेच तहसीलदार, हेच होमगार्ड. जानेवारी २००५ मध्ये मांढरदेवीच्या यात्रेत अडीचशेहून जास्त माणसं गेली, त्या धक्क्यानंतर राज्याने यात्रेच्या गर्दीकडे वेगळ्या नजरेने पाहायला सुरुवात केली. यात्रेकरूला पोलीस ‘माउली’ म्हणतात. त्याच रस्त्याने क्रुझरमधून ढोल घेऊन जाणारा माणूस मात्र लगेच ‘टोळकं’ होतो. हे मला कधीच कळलेलं नाही.

मागायचं आहे ते फार नाही. स्पर्धेला परवानगी देताना आयोजकांकडून मंडपाचा, ध्वनिक्षेपकाचा कागद घेतला जातो. त्याच कागदात पाहुण्या संघाचे समर्थक कुठे बसतील, गाड्या कुठे लागतील आणि सामना संपल्यावर कुठून बाहेर पडतील, हे लिहून घ्या. विशेषतः शेवटचं. आत येतानाचा बंदोबस्त सगळीकडे असतो, दगड परतताना पडतात. एकच फाटक असेल तर कोणाला आधी सोडायचं आणि कोणाला पंधरा मिनिटं आत थांबवायचं हे सामन्याआधी ठरलेलं असावं. थांबवायचं असेल तर पाणी असावं आणि बायकांसाठी संडास असावा. त्या दिवशी आम्ही सहा बायका होतो आणि सकाळी नऊपासून एकीनेही पाणी प्यायलेलं नव्हतं. कारण तुम्हाला समजेल.

दुसरं म्हणजे, एका पोलिसाचं नाव आणि मोबाइल नंबर पाहुण्या संघाला आदल्या दिवशी द्या. इंग्लंडमध्ये प्रत्येक क्लबच्या समर्थकांना चेहऱ्याने ओळखणारे पोलीस त्यांच्याबरोबर परगावी जातात. तेवढं आपल्याला आज झेपणार नाही. एक नंबर झेपेल. त्या गल्लीत आम्ही दहा मिनिटं अडकलो होतो आणि फोन कोणाला करायचा हे चौदा जणांपैकी एकालाही माहीत नव्हतं.

हुल्लडबाजाला मात्र सोडू नका. इंग्लंडमध्ये न्यायालय एकेका माणसावर बंदी घालतं, किमान तीन वर्षं, आणि तो माणूस सामन्याच्या आसपास फिरकला तरी गुन्हा होतो. माणसावर बंदी, गावावर नाही, संघावर नाही. आपल्याकडे उलटं होतं. चार जण दगड मारतात, स्पर्धाच रद्द होते, वर्षभर घाम गाळलेली पोरं घरी बसतात आणि ते चार जण दुसऱ्या स्पर्धेला जातात. प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, चित्रीकरण असतं. चेहरे शोधायची इच्छा हवी. आणि भरलेल्या गॅलरीत, बंद जागेत अश्रुधूर कधीही वापरणार नाही, एवढा लेखी आदेश आपल्या सहीने निघावा.

ठाण्यात कलम १७३ शिकवण्याचं कामही आपलंच आहे.

पुढच्या महिन्यात पुन्हा स्पर्धा आहे. दोन क्रुझर ठरल्यात, चालकाने नवीन काच बसवून घेतलीय, तिचे पैसे आम्ही वाटून दिले. आजोबांच्या कपाळावरचा व्रण आता पांढरा पडलाय. परवा ते सकाळी मैदानावर आले, नातवाला चेंडू अडवताना बराच वेळ पाहत उभे राहिले आणि मला म्हणाले, ‘बाई, माझी जागा धरून ठेव.’

मी त्यांना अजून हो म्हटलेलं नाही.

आपली,
एका फुटबॉलपटूची आई,
धुळे