साओ पाउलोला गेल्यावर खाण्याचं काय करायचं

बाळा,

व्हिसा आला म्हणून बाबा सांगत होते, बरं झालं. कंपनी तुझी राहायची सोय करेल पण जेवणाची काळजी मलाच लागलीय, कारण तुला साध्या भाजीतसुद्धा औषधाचा वास येतो हे मला माहितीये आणि ब्राझील म्हणजे जगात सगळ्यात जास्त शेती-औषधं वापरणाऱ्या देशांपैकी एक आहे. आम्ही शेतकऱ्यांच्या टूरबरोबर तिकडं गेलो होतो तेव्हा मी हेच बघत फिरत होते, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय, नीट वाच.

पहिलं म्हणजे सुपरमार्केटच्या स्वच्छ पिशव्यांना भुलू नकोस. तिथं लेट्युस मुळासकट पिशवीत मिळतो, वर हायड्रोपोनिक लिहिलेलं असतं, दिसायला एकदम छान, पण तो खतांच्या पाण्यावर वाढवलेला असतो आणि तिकडच्या नियमात तो ऑरगॅनिकमध्ये बसतच नाही. पॅकेटवर "प्रोदुतो ऑर्गानिको ब्राझिल" असा सरकारी शिक्का असला तरच खरं समज. आणि तेलाच्या बाटलीवर पिवळ्या त्रिकोणात काळं इंग्रजी T अक्षर दिसलं की त्यात जीएम, म्हणजे जनुकं बदललेलं, सोयाबीन किंवा मका आहे, ते छापणं तिकडं सक्तीचं आहे.

पण माझं ऐकशील तर पॅकेटच्या नादी न लागता सरळ फेइराला जा, म्हणजे आपला आठवडी बाजार. बारा फुंदा मेट्रो स्टेशनपासून जवळच आग्वा ब्रांका नावाचा पार्क आहे, तिथं 1991 पासून ऑरगॅनिक शेतकऱ्यांचा बाजार भरतो, शनिवार-रविवार सकाळी. लवकर जा, उशिरा गेलास तर पालेभाजी संपलेली असते.

तिथं एक बाई कोबी, गाजर, भेंडी घेऊन बसलेली. हो, भेंडी मिळते तिकडं! तिच्या मालावर शिक्काबिक्का काही नव्हता. मी बाबांच्या मोबाईलवर भाषांतर करून विचारलं की मग ऑरगॅनिक कशावरून, तर तिनं टेबलाखालून प्लास्टिकमध्ये घातलेला कागद काढला, कृषी मंत्रालयाकडं गटाची नोंदणी असल्याचा. त्यांच्या 2003 च्या कायद्यात छोट्या शेतकऱ्याला अशी सूट आहे, थेट गिऱ्हाइकाला विकत असेल तर महागडं सर्टिफिकेट लागत नाही, फक्त गटात नोंद पाहिजे आणि गिऱ्हाईक शेत बघायला येतो म्हणालं तर नाही म्हणता येत नाही. मला हे फार म्हणजे फार आवडलं. मग मी मावा, म्हणजे पानांवरची बारीक कीड, पडला तर काय मारता विचारलं, तिनं फोनवर वाफ्यांचे फोटो दाखवले, गवताचं आच्छादन, कडेनं झेंडू, आणि कशाचं पाणी फवारते तेही सांगितलं. असं ज्याला पटकन सांगता येतं तो खरंच करतो, हे मी बागेत आयुष्य काढलंय म्हणून सांगते. भोकं पडलेल्या पानावरून काही कळत नाही, औषध मारलेल्या पानालाही भोकं असतात.

तू लहान होतास, 2010 ला क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाचा अंश सापडला म्हणून युरोपनं आपली द्राक्षं अडवली तेव्हा तासगाव भागात घराघरात काय अवस्था होती ते मी बघितलंय. तेव्हापासून कुणी नुसतं "केमिकल नाही हो" म्हणालं की मी कागद मागते, तूही माग, लाजू नकोस, तिकडं कुणाला राग येत नाही.

तुझ्या भागात कुठला बाजार कधी असतो ते बघायला इदेक नावाच्या ग्राहक संस्थेचा ऑरगॅनिक बाजारांचा नकाशा आहे इंटरनेटवर, तो उघडून ठेव. तांदूळ-डाळींसाठी आर्माझें दो कांपो हे भूमिहीनांच्या चळवळीचं दुकान, तिथं रियो ग्रांदे दो सुल या दक्षिणेकडच्या राज्यातला ऑरगॅनिक तांदूळ मिळतो. विला मादालेनात इन्स्तितूतो शाँव आहे, ते शेतकऱ्याला दिलेल्या भावातच माल विकतात आणि दुकानाच्या खर्चासाठी तुम्हाला जमेल ते वर द्या म्हणतात. तू दे हं, कंजुषी करू नकोस.

बाहेर जेवायची वेळ आली तर वजनावर जेवण देणारी हॉटेलं बघ, ताट भरायचं, काट्यावर ठेवायचं, तेवढेच पैसे. ऑरगॅनिक नसतं ते, पण समोर दिसतं तरी काय घेतोयस. राजम्यासारख्या उसळीत मात्र बरेचदा डुकराचं मांस असतं, विचारल्याशिवाय वाढून घेऊ नकोस, आणि "मांस नको" म्हणालास तर चिकन चालेल असं समजतात, तेही वेगळं सांग.

उपवासाच्या दिवशी बाजारात तापियोका खा. आपला साबुदाणा ज्या कंदाचा तोच हा, मूळचा तिकडचाच. ओलसर पीठ गरम तव्यावर चाळणीनं पसरतात, तेलाचा थेंब नाही, आणि ते आपोआप एकमेकाला धरून घावन होतं, आत खोबरं घालून माग. उसाचा रसही मिळतो.

आणि बाबा तुला पॅशन फ्रूटच्या बिया आणायला सांगतील, अजिबात ऐकू नकोस, परवान्याशिवाय बियाणं आणता येत नाही, एअरपोर्टवर अडकशील.

आई