बाबा, चारही टायर का बदलले ते सांगते

मॉन्ट्रियल,
नोव्हेंबर

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "धड असलेले टायर उतरवून दुसरे कशाला चढवायचे? आणि चढवायचेच तर पुढचे दोन चढव, ओढणारी चाकं तीच." तेवढ्यात चिऊ रडायला लागली आणि उत्तर अर्धवट राहिलं. तुमची सगळी नोकरी मुंबईच्या वडाळा बस डेपोत टायरांमध्ये गेली. "हिवाळ्यात इथे सगळेच वेगळे हिवाळी टायर घालतात" एवढ्यावर तुमचं समाधान व्हायचं नाही, म्हणून सविस्तर लिहायला बसले आहे. आई, तूही वाच. बर्फातल्या अपघातांचे व्हिडिओ बघून तूच जास्त धास्तावली आहेस.

आधी कायद्याचं सांगते. आमच्या क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचे आहेत. २००८ साली नियम आला तेव्हा सुरुवात १५ डिसेंबरपासून होती, २०१९ पासून ती तारीख अलीकडे आणली. नाही घातले तर दोनशे ते तीनशे डॉलर दंड. शेजारच्या ऑन्टॅरिओत अशी सक्ती नाही, पण तिथे हिवाळी टायर घातले की विमा कंपन्यांना हप्त्यात सूट द्यावी लागते. आमच्याकडे कायदा नसता तरी मी टायर बदललेच असते.

कारण रबर. साधा टायर बर्फावर घसरतो तो नक्षी कमी पडते म्हणून, असं आपल्याला वाटतं. नक्षीचा वाटा आहेच, पण मूळ दुखणं रबराचं. हवा साधारण सात अंशांच्या खाली गेली की उन्हाळी टायरचं रबर कडक व्हायला लागतं. थंडीच्या दिवसांत सकाळी बाटलीतलं खोबरेल थिजतं ना, तसंच. आकार तोच राहतो, पण रस्त्याच्या बारीक खाचखळग्यांत शिरून धरण्याची ताकद जाते. म्हणून रस्ता कोरडा ठणठणीत असला, बर्फाचा कण नसला, तरी उणे दहात तो टायर नीट धरत नाही. हिवाळी टायरच्या रबरात सिलिका वगैरे घालून ते असं बनवतात की उणे वीसलाही मऊ राहतं.

आणि नक्षी तर तुम्ही हातात घेऊन बघायला हवी होतीत. टायर आले त्या संध्याकाळी मी उकिडवी बसून बराच वेळ बघत होते. प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडने ओढाव्यात तशा नागमोडी बारीक चिरा, एकीला एक लागून. नखाने दाबलं की चीर किंचित उघडते आणि सोडलं की मिटते. गाडी चालताना या चिरांच्या कडा बर्फाला चावतात. शून्याच्या आसपासच्या बर्फावर पाण्याचा अगदी पातळ थर असतो. सगळ्यात निसरडं तेच, आणि तो थर या चिरा टिपून घेतात. मोठ्या खाचांचं कामही आपल्याकडच्यापेक्षा वेगळं. मुंबईच्या पावसात खाचेने पाणी बाहेर फेकायचं असतं. इथे खाचेत बर्फ भरून राहिलेला चांगला, कारण बर्फ बर्फाला धरतो. म्हणून नवीन हिवाळी टायरची नक्षी जास्त खोल असते. कायद्याने १.६ मिलिमीटर चालते, पण हिवाळा सुरू होताना ती ४.८ मिलिमीटरपेक्षा कमी नसावी असं इथलं वाहन खातं सांगतं. नक्षी झिजून गुळगुळीत झालेल्या टायरला तुम्ही गोटा म्हणता, तिथपर्यंत इथे कोणी थांबतच नाही.

आता पुढच्या दोन टायरांचा मुद्दा. ओढणारी चाकं पुढचीच, हे बरोबर. पण बाबा, ओढण्यासाठी मी एवढी धडपड करतच नाहीये. गाडी जागची हलली नाही तर फार तर कामावर उशीर होईल. थांबली नाही किंवा वळणावर मागून फिरली, तर मात्र काही खरं नाही. पुढचे दोन धरणारे आणि मागचे दोन कडक, अशी गाडी उतारावर वळताना ब्रेक लागला की नाक जागेवर राहतं आणि शेपूट पुढे यायला बघते. आमची गाडी हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली. तिच्यात हा धोका जरा जास्तच. पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला की मोटरच जनित्र होते, चाकांची गती खाऊन बॅटरी भरते, आणि ब्रेकला हात न लावता गाडी मंदावते. आमच्या गाडीत हे सगळं पुढच्या चाकांवर होतं. म्हणजे नुसता पाय उचलला तरी वजन पुढे झुकतं आणि मागचं हलकं होतं. चाक घसरतंय असं कळलं की गाडीचा संगणक ही वीजनिर्मिती थांबवून काम साध्या ब्रेककडे आणि चाक जाम होऊ न देणाऱ्या एबीएसकडे सोपवतो. यंत्रणा चोख आहे, पण शेवटी तीही चार टायरांच्या तळव्याएवढ्या रबरावरच उभी. म्हणून चारही बदलले. आणि गिअरच्या दांड्यावर उतारासाठी 'बी' अशी जागा आहे, तिने पाय उचलताच गाडी आणखी जोरात मंदावते; ती मी घाटात वापरते, बर्फात वापरत नाही.

समोरच्या घरातल्यांची हायब्रिड चारही चाकांवर चालते, मागच्या चाकांना वेगळी मोटर आहे. ते म्हणतात, अशी गाडी असली की टायरांचं फारसं बघावं लागत नाही. मला हे अजिबात पटत नाही. चार चाकं ओढतात तेव्हा चढावर गाडी झटक्यात निघते, कबूल. पण ब्रेक तर सगळ्याच गाड्यांत चारही चाकांवर लागतात. इथल्या कोत-दे-नेज रस्त्याच्या उतारावर सिग्नल लाल झाला की त्यांच्या आणि आमच्या गाडीत फरक राहतो तो फक्त टायरांचा.

दुकानात गेल्यावर मात्र खरी ओढाताण सुरू झाली. हायब्रिड घेतली ती पेट्रोल वाचावं म्हणून. उन्हाळ्यात आमची गाडी शंभर किलोमीटरला पाच लिटरच्या आत चालते. मूळ टायरही कमी घासणारे, सहज लोळणारे होते. त्यामुळे दुकानदार पहिल्यांदा तेच पुढे करतो, "हा घ्या, मायलेज टिकेल." पण हिवाळ्यात हायब्रिडचं मायलेज पडतं ते बऱ्याच अंशी दुसऱ्याच कारणांनी. बॅटरी गारठते, आणि आतला हीटर चालायला इंजिन गरम लागतं म्हणून एरवी बंद राहणारं इंजिन सारखं सुरू होतं. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा हिशोब असा की शहरातल्या फेऱ्यांत पंचवीस अंशांच्या मानाने उणे सातला साध्या पेट्रोल गाडीचं मायलेज सुमारे १५ टक्क्यांनी घसरतं आणि हायब्रिडचं ३० ते ३४ टक्क्यांनी. एवढी घट होणारच असेल, तर टायरमध्ये अर्धा-पाव लिटर वाचवायला जाऊन पकड कमी का करायची? पहिल्या पावसात तेल वर आलेल्या पेडर रोडच्या उतारावर तुमचे ड्रायव्हर डिझेलचा हिशोब करत बसत नसत. मी सरळ सांगितलं, बर्फावर ब्रेक लवकर लागतो तो टायर दाखवा.

प्रकार तीन. सगळ्या ऋतूंत चालणारे म्हणून जे विकतात त्यांच्यावर डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह नसेल तर ते इथे हिवाळ्यात चालत नाहीत. दुसरे वर्षभर ठेवायचे, चिन्ह असलेले. ते कायद्यात बसतात, दोन-दोनदा बदलायची कटकट नाही, आणि ज्याला घरून काम आहे त्याला पुरतात. पण ते चिन्ह मिळतं ते दाबलेल्या हिमावर टायर गाडीला किती खेचतो हे मोजून. काचेसारख्या घट्ट बर्फावर ब्रेक किती लवकर लागतो हे त्या चाचणीत नसतं. मला सकाळी चिऊला पाळणाघरात सोडून सहाच्या अंधारात निघावं लागतं. तेव्हा बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकणारी गाडी येऊन गेलेलीच असेल असं नाही, आणि कडाका फार वाढला की मीठही नीट काम करत नाही. म्हणून तिसरा प्रकार, निव्वळ हिवाळी.

त्यातही खिळ्यांचे टायर असतात. क्वेबेकमध्ये ते १५ ऑक्टोबर ते १ मे चालतात. खेड्याकडे, जिथे रस्ता महिनाभर गोठलेलाच असतो, तिथे त्यांना तोड नाही. शहरात रस्ता बराच काळ ओला किंवा कोरडा असतो. तिथे ते खडखडतात आणि डांबर उखडतात. जपानमध्ये या खिळ्यांनी उडणाऱ्या धुळीचा इतका त्रास झाला की १९९० मध्ये कायदा करून त्यांना आळा घातला. ब्रिजस्टोनने बिनखिळ्यांचा ब्लिझॅक तिथे १९८८ मध्येच आणला होता.

शेवटी निवड मिशलिन एक्स-आईस, ब्लिझॅक आणि नोकियनच्या हाक्कापेलीता या तिघांत होती. बाबा, हे नोकियन म्हणजे तुमच्या जुन्या नोकिया फोनचे भाऊबंद! फिनलंडमधलं नोकिया हे गाव एकच. टायरचा धंदा त्याच कंपनीचा होता, १९८८ मध्ये वेगळा झाला. १९३४ मध्ये त्यांनी ट्रकसाठी जगातला पहिला हिवाळी टायर काढला आणि हाक्कापेलीता हे नाव १९३६ पासूनचं. मी तेच घेतले, बिनखिळ्यांचे. नावामुळे नाही. दुकानात तिन्ही टायर शेजारी ठेवून बघितले, किंमत बघितली, आणि आमच्या मापात भार पेलण्याचा जास्तीचा आकडा त्यात मिळाला.

हा भाराचा आकडा दादाला मुद्दाम सांगा, तोही हायब्रिड बघतोय म्हणून. आमचं माप १९५/६५ आर १५. त्यापुढे ९१ असेल तर एक टायर ६१५ किलो पेलतो, ९५ असेल तर ६९०. बॅटरी आणि मोटरमुळे हायब्रिड तेवढ्याच पेट्रोल गाडीपेक्षा जड असते. त्यामुळे माप तेच पण आकडा कमी, असा स्वस्तातला टायर कोणी गळ्यात मारू नये. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला कागद बघायचा आणि त्याखाली जायचं नाही. दुसरं, टायरच्या अंगावर डॉट या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. ३५२४ असेल तर २०२४ सालचा पस्तिसावा आठवडा. जुना माल तिथेच कळतो. मात्र मुंबईत त्याने हिवाळी टायरच्या फंदात पडू नये, आपल्या उन्हात ते मऊ रबर बघता बघता झिजेल. त्याने ओल्या रस्त्यावरची पकड बघावी.

खर्चाचं सांगते, नाहीतर आई विचारणारच. चार टायर आणि चार लोखंडी रिम मिळून हजार डॉलरच्या आसपास गेले. रिम वेगळे घेतले कारण मग दर हिवाळ्यात टायर रिमवरून उतरवावा लागत नाही, चाकच बदलायचं. टायरच्या कडाही शाबूत राहतात. आणि हे पैसे वाया जात नाहीत, बाबा. एक संच धावतो तेव्हा दुसरा बसून असतो, म्हणजे उन्हाळी टायरही तेवढेच जास्त टिकणार. उन्हाळी संच गॅरेजवाल्याकडेच ठेवलाय, आमच्या घरात जागा नाही.

हवेचं एक तुम्हाला आवडेल. तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की टायरमधल्या हवेचा दाब साधारण एक पीएसआय उतरतो. वीस अंशांच्या उबदार गॅरेजमध्ये अगदी बरोबर हवा भरली आणि बाहेर उणे वीस असेल, तर गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी सहा-सात पीएसआय कमी! गळती कुठेच नसते. म्हणून मी पहाटे, गाडी थंड असताना मोजते. तुम्ही लोखंडी दांडा मारून आवाजावरून सांगायचात तो कान मला नाही, मी मीटर लावते.

नट शंभर किलोमीटरच्या आत पुन्हा आवळून घ्यायला गॅरेजवाल्याने सांगितलंय, किती जोराने आवळलं ते मोजणाऱ्या पान्याने. ते शनिवारी होईल. नवे टायर पहिले पाचशे किलोमीटर सांभाळून चालवायचे असतात, तेही पहिला मोठा बर्फ पडायच्या आत उरकेल. आई, म्हणूनच नोव्हेंबरातच बसवले. पहिला बर्फ पडला की गॅरेजात अख्खं शहर रांगेत उभं असतं.

आता एक प्रश्न तुम्हालाच विचारायचाय. रस्त्यावरच्या मिठाने लोखंडी रिम आणि चाक ज्यावर बसतं तो हब एकमेकांना गंजाने इतके चिकटतात म्हणे, की एप्रिलमध्ये चाक निघता निघत नाही, लाथा घालाव्या लागतात. कोणी म्हणतं हबच्या तोंडाला ग्रीसचा पातळ हात द्या, कोणी म्हणतं नुसतं तारेच्या ब्रशने घासा आणि नटाच्या आट्यांना काही लावू नका. पावसाळ्यात चाकं अशी गंजून धरायची तेव्हा डेपोत तुम्ही काय करत होता? रविवारी फोनवर नक्की सांगा. शनिवारी चाकं तपासायला जाणारच आहे, पण हबचं काम मी तुमचं ऐकल्यावरच करून घेईन.

चिऊचा आजी-आजोबांना नमस्कार.

तुमची
धाकटी