जॅमिंग म्हणजे अदृश्य होणे नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

हवाई युद्धाच्या बातम्यांत ‘शत्रूचे रडार जॅम केल्याने विमाने अदृश्य झाली’ अशा अर्थाची वाक्ये सध्या सर्रास वाचायला मिळतात. अकरावी-बारावीच्या मुलांना मी तीस वर्षे भौतिकशास्त्र शिकवले. हे वाक्य चुकीचे आहे, आणि ते वाचून मुले तेच खरे मानतात, म्हणून हे पत्र.

जॅमर लावलेले विमान लपत नाही, ते आरडाओरडा करते. रडारने सोडलेल्या लहरी विमानावर आपटून परत येतात. जॅमर त्याच वारंवारतेवर एवढा गोंगाट करतो की तो परतलेला प्रतिध्वनी त्यात बुडून जातो. कुणीतरी येत आहे आणि साधारण कुठल्या दिशेने, हे रडारवाल्याला समजते. किती लांब आहे, एक आहे की दहा, हे मात्र समजत नाही.

यातला हिशेब फार सुंदर आहे. रडारच्या लहरींना जाऊन परत यायचे असते, म्हणून अंतर दुप्पट झाले की प्रतिध्वनी सोळापट क्षीण होतो. जॅमरच्या लहरी एकाच बाजूने जातात, त्या फक्त चौपट क्षीण होतात. म्हणूनच विमानावरचे छोटे यंत्र जमिनीवरच्या अवाढव्य रडारला भारी पडते. पण विमान जवळ जात राहिले की पारडे फिरते, आणि एका टप्प्यावर प्रतिध्वनी गोंगाटाच्या वर येतोच. हल्ला करणाऱ्या विमानांना तर जवळ जावेच लागते. त्यांच्यासाठी गोंगाट करणारे वेगळे, ताकदवान विमान लागते ते यासाठी.

अमेरिकी नौदलाने ए-6 इंट्रूडर या बॉम्बफेकी विमानाचे नाक लांबवून दोनाच्या चार जागा केल्या आणि ‘प्राउलर’ तयार झाले. चौघांत वैमानिक एकच. उरलेले तिघे शत्रूच्या लहरी ऐकणारे आणि त्यांना उत्तर देणारे. स्वतःच्याच जॅमरचा त्रास आत होऊ नये म्हणून त्याच्या काचेवर सोन्याचा पातळ थर असे. 1972 मध्ये व्हिएतनामच्या युद्धात उतरलेले हे विमान मरीन कोअरने 2019 पर्यंत वापरले. इतकी वर्षे टिकलेल्या विमानाचे नाव आपल्याकडे किती वाचकांना ठाऊक असेल?

अमेरिकी हवाई दलाने 42 एफ-111 विमानांतली शस्त्रे काढून त्यांत जॅमर बसवले. तोफ नाही, क्षेपणास्त्र नाही, आत दोन माणसे. 17 जानेवारी 1991 च्या रात्री इराकी मिराज मागे लागले, तेव्हा अशाच एका विमानाने जमिनीलगत उतरून वळणे घेतली आणि पाठलाग करणारे मिराज जमिनीवर कोसळले. पुढच्याच महिन्यात याच जातीचे दुसरे विमान पडून दोघेही गेले. इतरांना झाकण्यासाठी निःशस्त्र पुढे जाणाऱ्या या माणसांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

1998 मध्ये ही विमाने निवृत्त झाली आणि हवाई दलाला नौदलाच्या प्राउलरवर विसंबावे लागले. दुसऱ्याच वर्षी, 27 मार्चला, सर्बियात एफ-117 हे अमेरिकेचे स्टेल्थ, म्हणजे रडारला सहज न दिसणारे, विमान एस-125 या जुन्या क्षेपणास्त्राने पाडले. ‘अदृश्य’ हा शब्द तिथेच खोटा पडला होता.

आता आपल्याकडे. सुखोई-30 ची बांधणी आमच्या ओझरला झाली, याचा प्रत्येक नाशिककराला अभिमान आहे. त्यांच्या पंखांच्या टोकांना जॅमर पॉड लावता येतात. पण स्वतःला वाचवणे वेगळे आणि दहा जणांना झाकत नेणे वेगळे. अमेरिका आणि ऑस्ट्रेलियाकडे आहे त्या ‘ग्राउलर’सारखे, याच कामासाठी घडवलेले लढाऊ विमान आपल्या हवाई दलात नाही. लढाऊ विमानांच्या तुकड्या किती उरल्या याच्या बातम्या आपण छापता, त्या हव्यातच. त्याच बातमीत हा प्रश्नही विचारला जावा, अशी विनंती.

आणि सोळापट-चौपटचा हिशेब चौकटीत छापायचा असेल, तर दोन आकृत्या पुरतात. त्या मी काढून पाठवीन.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, नाशिक रोड