फाटकाची कडी तशीच राहील

ती. आई-बाबा,
सा. न.

आधी रागावून घ्या, मग वाचा. तुम्हाला न विचारता मी फाटकावर व्हिडिओ इंटरकॉम बसवायचं ठरवलंय. ठरवलंय म्हणजे सामान घेऊनही झालंय. शनिवारी सकाळी नऊला म्हापशाहून दोघे येतील. विचारलं असतं तर बाबा म्हणाले असते, ‘आम्ही काय म्हातारे झालो?’ आणि आई म्हणाली असती, ‘त्यांना विचार.’ तेवढ्यात मिरग लागला असता, अंगण खणता आलं नसतं आणि गोष्ट चवथीवर गेली असती. चवथीत तुम्ही दोघं गणपतीवर बांधायच्या माटोळीपलीकडचं काही ऐकत नाही.

शेवाळाचा विषय मी काढत नाही. बाबा, तुम्ही म्हणालात तसं ते घसरणं होतं, पडणं नव्हतं. मान्य. पण सोप्याच्या पायऱ्या, तुळस, अंगण आणि मग फाटक, असे २८ मीटर होतात. दादाने टेप लावून मोजलेत. एवढं चालून गेल्यावर समोर निम्म्या वेळा कोण असतं? ‘खोली मिळेल का’वाले, नाहीतर ‘घर विकायचंय का’वाले. जानेवारी २०२३ मध्ये मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून मांद्र्यात हे दुसरे जरा जास्तच. त्यांना ‘नाही’ म्हणायला भर पावसात छत्री कशाला उघडायची? खुर्चीत बसूनही ‘नाही’ म्हणता येतं.

तुमच्या रोजच्या कशालाही धक्का लागणार नाही. पोदेर येईल, भोंगा वाजवील, पाव फाटकाच्या पिशवीत टाकून जाईल. त्याला बटण दाबायची गरज नाही. मासे घेऊन येणारी नुस्तेंवाली तर फाटकाबाहेरूनच हाक मारते, तिच्या आवाजापुढे कुठलं यंत्र टिकणार? सोप्यावरची जुनी घंटा आहे तिथेच राहील. नवीन बटण फक्त फाटकाला.

आता काम कसं व्हायचं ते सांगते, कारण शनिवारी समोर तुम्ही असणार. ती माणसं कामाला चांगली आहेत, पण घाई असली की सोपी वाट धरतात.

पहिली सोपी वाट म्हणजे वाय-फाय. ‘केबल कशाला, बिनतारी लावू’ म्हणतील. नाही म्हणा. आपल्या भिंती चिऱ्याच्या, त्यातून सिग्नल जेमतेम सोप्यापर्यंत येतो. फाटकावर चित्र अडकेल आणि बोलणं तुटेल. दुसरी वाट, केबल माडावरून टांगायची. तीही नको. एक झावळ पडली की संपलं. केबल जमिनीखालूनच जाईल, दीड फूट खोल, २५ मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपातून, म्हणजे घुशींना कुरतडणं सोपं जाणार नाही. फाटकाच्या दिव्याची २३० व्होल्टची जुनी वायर डाव्या कुंपणाकडून जाते, म्हणून आपला चर उजवीकडून. दोन्ही शेजारी ठेवल्या तर सिग्नलमध्ये अडथळा येऊ शकतो, आणि उद्या कोणी खणताना फावडं मारलं तर वेगळाच घोळ.

केबल मी नेटवर्कची, कॅट-६ जातीची घेतलीय, बाहेरची, आत जेल भरलेली आणि शुद्ध तांब्याची. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची स्वस्त केबल दिसायला तशीच असते. बाबा, टोक सोलून ब्लेडने तार खरवडून बघा. आत पांढरी निघाली तर ती आपली केबल नव्हे. हे बघायचं कारण असं की याच केबलमधून फाटकावरच्या पॅनलला (कॅमेरा आणि बटण असतं तो डबा) वीजही जाते. घरातल्या नेटवर्क स्विचमधून (या केबली जोडायचा डबा) ४८ व्होल्टच्या आसपास वीज निघते आणि चित्र, आवाज, वीज सगळं एका केबलवर चालतं. अ‍ॅल्युमिनियमच्या तारेत वीज जास्त गळते आणि सांध्यावर खारं वारं लागलं की ती तार लवकर खाल्ली जाते. समुद्र किती जवळ आहे ते आपल्या खिडक्यांच्या बिजागऱ्यांना विचारा. स्विचवर आणि पॅनलवर दोन्हीकडे ‘८०२.३एएफ’ (केबलमधून वीज द्यायच्या पद्धतीचं नाव) लिहिलेलं मी तपासलंय. काही पॅनल २४ व्होल्टचे निघतात, ते या स्विचवर चालत नाहीत. प्लगमधल्या तारांचा क्रम दोन्ही टोकांना एकच हवा: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. कागदावर लिहून फ्रीजवर लावा आणि त्यांच्या कामाशी पडताळा. शाळेत माझा पाढा घ्यायचात तसा.

फाटकाच्या कुलपाबद्दल मात्र थोडं लांबण लावते, कारण चूक इथेच होते. चुंबकाचं कुलूप मी मुद्दाम घेतलं नाही. त्याला सतत वीज लागते आणि वीज गेली की फाटक उघडं पडतं. आपल्याकडे जूनमध्ये वीज किती वेळा जाते ते तुम्हाला सांगायला नको. हे कुलूप रिम लॉकसारखं आहे: एरवी बंद, आतून झटका दिला की जीभ मागे सरकते, आणि बाहेरून किल्लीनेही उघडतं. म्हणजे सगळं बंद पडलं तरी किल्ली आहेच. किल्ल्या तीन येतील. एक आईच्या कपाटात, एक खुंटीवर, एक शेजारच्या काकूंकडे. कुंडीखाली ठेवायची नाही, बाबा. कुंडीखाली किल्ली असते हे गावभर माहीत आहे.

या कुलपाला १२ व्होल्टचा झटका लागतो, एक अँपिअर आणि वर. मिस्त्री म्हणेल, नेटवर्कच्या केबलमध्ये तारा आहेतच, त्यावरच कुलूप जोडतो. तसं करू देऊ नका. ती तार बारीक. जाऊन-येऊन ५६ मीटरला जवळजवळ ४ ओहम रोध होतो आणि त्यातच ४ व्होल्ट खाल्ले जातात. कुलूप नुसतं ‘टक्’ करतं, उघडत नाही. मग तो म्हणतो कुलूपच खराब. त्यासाठी वेगळी १.५ चौरस मिलिमीटरची दोन तारांची वायर मी पाठवलीय. तिच्यात एक व्होल्टही जात नाही. ती दुसऱ्या पाइपातून. कुलपाच्या दोन टोकांवर १एन४००७ नावाचा एक टिचभर डायोड लावायचा, पांढऱ्या पट्टीचं टोक अधिककडे. कुलपाची वीज बंद होताना तारेच्या वेटोळ्यातून उलटा झटका येतो. डायोड नसला तर त्या झटक्याने हळूहळू रिलेची, म्हणजे कुलपाची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या खटक्याची, टोकं जळतात.

आणि ही सर्वांत मोठी गोष्ट. कुलपाच्या तारा फाटकावरच्या पॅनलला जोडू द्यायच्या नाहीत. पॅनलमागे तशी सोय असते आणि मिस्त्री तेच सुचवील, कारण तार वाचते. पण मग कोणीही दोन स्क्रू काढून मागच्या दोन तारा एकमेकींना टेकवल्या की फाटक उघडलं. कुलूप घरातल्या पडद्याच्या (ज्यावर आलेल्याचा चेहरा दिसतो) रिलेवरूनच चालवायचं, ‘कॉम’ आणि ‘एनओ’ या दोन टोकांवरून, वेळ २ सेकंद. जास्त ठेवली तर कुलपाचं वेटोळं तापतं. पावसाळ्यात फाटक खाली बसतं आणि जीभ अडते, हे तर आपलं जुनंच दुखणं. तेव्हा यंत्राला शिव्या न देता वरची बिजागरी उचलून घ्या.

पॅनलची उंची जमिनीपासून कॅमेऱ्यापर्यंत १.४ ते १.५ मीटर. याहून वर नको, मावशी आली तर तिचा नुसता अंबाडा दिसेल. खांब चिऱ्याचा आहे आणि चिऱ्यात साधी प्लास्टिकची गिट्टी धरत नाही, आतला भाग भुसभुशीत असतो. म्हणून शुक्रवारी गवंड्याकडून लाकडी ठोकळा सिमेंटात बसवून घ्या. एक रात्र सुकू दे, मग स्क्रू. केबल पॅनलमध्ये खालून शिरायला हवी, आणि शिरण्याआधी तिला खाली एक लोंबता वळसा द्यायचा, म्हणजे पाणी वळशावरून टपकून जातं, आत जात नाही. सिलिकॉन वरच्या आणि दोन्ही बाजूंच्या फटीत भरायचं, खालची फट मोकळी. मिस्त्री चारही बाजू बंद करेल आणि अभिमानाने दाखवेल. पण दमट हवा आत शिरतेच, तिचं पाणी होतं, आणि बाहेर पडायला जागा नसली की जुलैत काचेच्या आतून धुकं धरतं.

फाटक पश्चिमेला. संध्याकाळी पाचनंतर सूर्य माणसाच्या पाठीशी असतो आणि चेहरा काळा दिसतो. सेटिंगमध्ये ‘डब्ल्यूडीआर’ (मागे उजेड असला तरी चेहरा दिसावा म्हणून असलेली सोय) चालू केलं की बराच फरक पडतो, तरी सूर्यास्ताच्या वेळी एकदा बघून घ्या आणि गरज वाटली तर पॅनलखाली तिरकी पाचर घाला. पावसाची टोपी लावायचीच, पण कॅमेऱ्यापुढे फार आली तर रात्री कॅमेऱ्याचाच उजेड तिच्यावर पडून चित्र पांढरं होतं. कोळ्यांना त्या उजेडाला येणारे किडे आवडतात. दर रविवारी मलमलच्या कोरड्या फडक्याने काच पुसायची. आई, साबण नाही, खोबरेल नाही.

वीज गेली तरी हे चालायला हवं, म्हणून स्विच, राउटर आणि इंटरनेटचा डबा इन्व्हर्टरच्या लाइनवर. सगळं मिळून ३० वॉटच्या आतबाहेर, एका पंख्याहूनही कमी, त्यामुळे तुमच्या पंख्याची वेळ फारशी कमी होणार नाही. इन्व्हर्टरच्या मागे ‘नॉर्मल’ आणि ‘यूपीएस’ असं एक बटण आहे, ते यूपीएसवर करा. नाहीतर वीज जाता-येताना राउटर बंद होऊन पुन्हा चालू होतो आणि तेवढी मिनिटं वाया जातात.

विजा. मे-जूनमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये गडगडाट होतो तेव्हा जमिनीतली लांब केबल झटका आत आणते. तिच्या घराकडच्या टोकाला सर्ज प्रोटेक्टर (झटका अडवणारा डबा) लागेल, पण त्याची हिरवी तार खरोखर अर्थिंगला जोडली का ते बघा. नुसती लोंबत ठेवली तर तो डबा शोभेचा. स्विचमध्ये फाटकाच्या केबलला लाल फीत बांधायला सांगितलीय. ढग लांबून गुरगुरले की लाल फितीचा प्लग काढून ठेवा. वीज डोक्यावर आली असेल तर मात्र हात लावू नका. जळू दे यंत्र. नवीन घेऊ.

आतला पडदा ७ इंचांचा, सोप्यातून माजघरात शिरताना उजव्या हाताला. ओल्या बोटांना तो नीट दाद देत नाही, आणि आई, तुझा हात ओला नसतो कधी? म्हणून स्वयंपाकघराच्या दाराशी फाटक उघडायला साधं घंटेचं बटण लावतोय. दाबायचं आणि सोडायचं. पण आधी पडद्यावर चेहरा बघून.

आता जे विचारायला तुम्हाला अवघड वाटेल ते मीच सांगते. मी इथे पुण्यात बसून तुमच्यावर नजर ठेवणार नाही. हालचाल दिसली की चित्रण करायची सोय मी बंद ठेवायला सांगितलीय. बटण दाबलं तरच एक फोटो साठेल, तुम्हाला बघायला. पडदा आधी तुमच्याकडे वाजेल. ३० सेकंद कोणी उचललं नाही तर मग माझ्या आणि दादाच्या फोनवर. काकूंचा सोपा चित्रात येतो तेवढा भाग काळा करायचा आहे. कोणाला आत घ्यायचं ते तुम्हीच ठरवणार. मी फोनवरून फाटक उघडू शकते, पण तुम्ही सांगितल्याशिवाय उघडणार नाही.

पैसे देण्याआधी बाबांनी समोर उभं राहून हे करून घ्यायचं. इंटरनेटची तार काढून फाटकावरचं बटण दाबा: घरातला पडदा वाजलाच पाहिजे, कारण घरातल्या घरात बोलायला इंटरनेट लागत नाही. वाजला नाही तर जोडणी चुकलीय. मग मेन स्विच पाडून पुन्हा. मग अंधारात एकदा. पॅनल आणि पडदा यांचे पत्ते राउटरमध्ये पक्के बांधून घ्या (मी १९२.१६८.१.५० आणि ५१ ठरवलेत), नाहीतर राउटर पत्ते बदलून देतो आणि एक दिवस दोघांची ओळखच राहत नाही. कंपनीचा मूळ पासवर्ड बदलायचा. ‘पोर्ट उघडून देतो’ म्हणाले तर सरळ नको म्हणा. बाहेरच्या जगाला आपल्या फाटकातून आत यायची वाट कशाला? नवीन पासवर्ड कालनिर्णयवर लिहू नका, ते सगळ्यांना दिसतं. बाबांच्या बँकेच्या डायरीत शेवटच्या पानावर.

मी फार सूचना करते, ठाऊक आहे. लहानपणी फाटकाच्या कडीच्या आवाजावरून कोण आलं ते सोप्यावर बसून ओळखायचो: एकच खणखणीत म्हणजे बाबा, दोन हलके म्हणजे मावशी. पडद्यावर चेहरा दिसेल, पण तो आवाज त्यात येणार नाही, एवढं मलाही कळतं.

शनिवारी त्या दोघांना चहा द्या, जेवायलाही बसवा, पण शिडी धरायला बाबांनी जायचं नाही. गुडघ्याचं तेल संपलं असेल तर त्यांच्यापैकी कोणाला तरी म्हापशाहून आणायला सांगा. आणि नवीन कुलूप बसवताना ते जुनी कडी काढायला निघतील, तिला हात लावू देऊ नका.

तुमची,
बाय